मधल्या सुट्टीतील भाषा आणि व्यंजनांचे सावर्ण्य

दोन भिन्न व्यंजने एकमेकांस येऊन भिडली म्हणजे त्यांपैकी एक दुसऱ्यासारखे होऊ लागते. या व्यापारास सावर्ण्य असे म्हणतात, आणि अध्यापकवर्गास तो अपरिचित नाही. ‘सत्’ आणि ‘जन’ मिळून ‘सज्जन’, ‘उत्’ आणि ‘चार’ मिळून ‘उच्चार’ हे आपण प्रतिवर्षी फळ्यावर लिहितो, मुले ते वहीत उतरवून घेतात, आणि परीक्षा संपताच उभयपक्षी त्याचे विस्मरण होते. प्रस्तुत लेखात याच विषयाची थोडी चर्चा करावयाची आहे. परंतु तिचा प्रारंभ कोणत्याही ग्रंथापासून नसून मुलांनी स्वतःसाठी बनविलेल्या एका भाषेपासून आहे, आणि त्याला निमित्त माझ्याच हातून घडलेली एक चूक आहे.

माझी नोकरीची पहिली वर्षे डिचोली तालुक्यात गेली आणि पुढची पेडण्यात. दोन्ही तालुक्यांतील मुलांची भाषिक स्थिती सारखीच. घरात आणि अंगणात कोंकणी, पोथीत, भजनात, नाटकात आणि वर्तमानपत्रात मराठी, तेरेखोलच्या पलीकडील आप्तांशी बोलताना मालवणी वळण, आणि माध्यमिक वर्गांत इतर सर्व विषय इंग्रजीतून. अशा मुलांस मराठीचे श्रुतलेखन घालणे ही कानाची आणि हाताची दोन्ही परीक्षा असते. आठवीच्या वर्गात एकदा मी एक उतारा सांगितला. त्यात ‘एक गाव’ आणि ‘हात धुऊन’ असे शब्द होते. एका मुलाने ‘एग्गाव’ आणि ‘हाद्धुऊन’ असे लिहिले. मी ते वर्गास मोठ्याने वाचून दाखविले. वर्ग हसला, मीही हसलो. मुलगा आडगावचा, घरी लिहिणारे-वाचणारे बेताचेच. त्या दिवसापासून तो वर्गात उभा राहून वाचेनासा झाला. विचारले तर खाली पाहून गप्प राही. मी त्यास आळशी समजलो, आणि तसा शेरा प्रगतिपुस्तकात लिहिलाही.

त्यानंतर काही महिन्यांनी, मधल्या सुट्टीत, व्हरांड्याच्या खांबाआड उभा असता माझ्या कानी एक विलक्षण बोलणे पडले. चार-पाच मुले अत्यंत वेगाने काही बोलत होती, आणि प्रत्येक शब्द ‘च’ने सुरू होत होता. ही ‘च’ची भाषा. महाराष्ट्रात आणि गोव्यात बहुतेक सर्वांनी ती लहानपणी बोललेली असेल. तिचा नियम एकच आहे. शब्दाचे आद्य व्यंजन काढून शेवटी न्यावे आणि त्याच्या जागी ‘च’ बसवावा. स्वर जेथल्या तेथे राहतो. ‘तुझे नाव काय’ याचे ‘चुझेत चावन चायक’ होते, ‘काय करतोस’ याचे ‘चायक चरतोसक’. शब्द स्वराने सुरू होत असेल तर मागे न्यावयास काही उरत नाही. ‘आज’ म्हणजे ‘चाज’. मोठ्यांना कळू नये एवढाच या निर्मितीचा हेतू. एक-दोन शब्द या यंत्रातून असे काही बाहेर पडतात की मुले ते आपण होऊनच टाळतात. तेवढा विवेक त्या वयातही असतो. आमच्याकडे हीच युक्ती कोंकणीसही लावली जाते, आणि ‘तुजें नांव कितें’ याचे ‘चुजेंत चांवन चितेंक’ होते. भाषा कोणती याची या यंत्रास पर्वा नाही.

त्या घोळक्यात सर्वांत वेगाने बोलणारा होता तो वर्गात मौन धरलेला मुलगा.

मी ऐकत राहिलो, आणि हळूहळू ध्यानात आले की मुले नियमाप्रमाणे बोलत नव्हती. म्हणजे, बोलण्याचा त्यांचा समज तसाच होता, परंतु कानावर येणारे उच्चार निराळे होते. ‘चुझेत चावन’ असे न ऐकू येता ‘चुझेच्चावन’ असे ऐकू येत होते. ‘चावन चायक’ यातील ‘न’ हा ‘न’ राहिला नव्हता; ‘पंच’ या शब्दात ‘च’पूर्वी जो अनुनासिक आपण उच्चारतो तो, म्हणजे ‘ञ’, तेथे आला होता. पुढे काही दिवस मी हा छंदच घेतला. ‘सगळे जण’ याचे ‘चगळेस चणज’ व्हावयास हवे. वेगात ते ‘चगळेश्चणज’ होते. ‘दार लाव’ याचे ‘चारद चावल’, वेगात ‘चारच्चावल’.

याचे कारण या भाषेच्या घडणीतच आहे. मागे नेलेले व्यंजन शब्दाच्या अंती येते, आणि मराठीत किंवा कोंकणीत अंत्य ‘अ’ बहुधा उच्चारला जात नाही; म्हणून ते व्यंजन पायमोडके होते. पुढचा शब्द तर नियमानेच ‘च’ने सुरू होणार. अर्थात प्रत्येक दोन शब्दांच्या सांध्यावर कोणते तरी व्यंजन आणि ‘च’ यांची गाठ पडते. सामान्य भाषेत अशी गाठ क्वचित पडते. येथे ती पावलोपावली पडते. सावर्ण्याचा अभ्यास करण्यासाठी कोणी मुद्दाम भाषा रचली असती तरी ती याहून सोयीची झाली नसती.

आता यातील नियम पाहा. बदलतात ती व्यंजने कोणती? त, द, न आणि स. न बदलणारी कोणती? ‘माझे घर’ याचे ‘चाझेम चरघ’ होते, आणि त्यातील ‘म’ कितीही वेगाने बोलले तरी ‘म’च राहतो. ‘चायक चरतोसक’ यातील ‘क’ही जागचा हलत नाही. मुलांच्या जिभेचा हा आळस असता तर तो सर्वत्र सारखा दिसावयास हवा होता. पण ‘क’ आणि ‘म’ यांना तो शिवत नाही. पाणिनीय व्याकरणात ज्यास श्चुत्व म्हणतात तो नियम हाच आहे: सकार आणि तवर्ग यांना शकार किंवा चवर्ग भेटला असता त्यांचे शकार आणि चवर्ग होतात. ‘उच्चार’, ‘सच्चरित्र’, ‘निश्चय’ ही उदाहरणे आपल्या परिचयाची आहेत. आणि ‘वाक्’पुढे ‘चातुर्य’ आले तर? ‘वाक्चातुर्य’. ‘क’ तेथेही जागचा हलत नाही. कारण उघड आहे. त, द, न, स हे जिभेच्या टोकाचे वर्ण; ‘च’ही जिभेच्या पुढल्या भागाचाच, फक्त किंचित मागे, टाळूपाशी. एकच अवयव एका क्षणात दोन जवळच्या जागी नेण्याऐवजी तो पहिल्यापासूनच दुसऱ्या जागी जाऊन बसतो. ‘म’ ओठांचा आणि ‘क’ जिभेच्या मुळाचा. त्यांचा ‘च’शी असा झगडा होत नाही. अष्टाध्यायीचे नावही न ऐकलेल्या मुलांनी फणसाखाली उभे राहून हा नियम बिनचूक पाळावा, याचे मला त्या वेळी फार आश्चर्य वाटले.

एक शंका येथे कोणी काढील. मराठीत आणि कोंकणीत ‘च’ दोन आहेत: ‘चार’ यातील तालव्य आणि ‘चाक’ यातील दंततालव्य. मग या भाषेतील ‘च’ कोणता? आमच्या शाळेतील बहुतेक मुले ‘चार’मधील ‘च’ घेतात. परंतु दुसरीकडून आलेल्या दोन मुली ‘चाक’मधील घेत, आणि खरा कोणता यावरून त्यांच्यात व इतरांत चांगलीच जुंपे. मला तर हा वाद म्हणजे पर्वणीच वाटली. त्या मुलींच्या तोंडी ‘चावन चायक’ यातील ‘न’ हा ‘न’च राही, आणि ‘चगळेस चणज’ यातील ‘स’ही ‘स’च. ‘त’ मात्र पुढल्या ‘च’त मिळून जाई. म्हणजे शेजारी बदलला की सावर्ण्यही बदलले. दंततालव्य ‘च’ दातांपाशीच उच्चारला जातो; त्याच्यासाठी ‘न’ला जागा सोडण्याचे प्रयोजनच नाही. इतका सूक्ष्म विवेक ज्या व्यापारात आहे त्यास ‘अशुद्ध’ हे नाव देणे आपल्याच कानाचा उणेपणा दाखविणे होय.

आणि मग मला ‘एग्गाव’ आणि ‘हाद्धुऊन’ आठवले. ‘दिक्’ आणि ‘गज’ यांचे ‘दिग्गज’ होते. ‘एक’ आणि ‘गाव’ यांचे ‘एग्गाव’ झाले. ‘सत्’ आणि ‘धर्म’ यांचे ‘सद्धर्म’ होते. ‘हात’ आणि ‘धुऊन’ यांचे ‘हाद्धुऊन’ झाले. पुढले व्यंजन घोष असल्यामुळे मागले अघोष व्यंजन घोष होते, एवढाच हा प्रकार. खेदाची गोष्ट ही की ज्या आठवड्यात ते श्रुतलेखन झाले त्याच आठवड्यात ‘दिग्गज’ आणि ‘सद्धर्म’ मी त्याच फळ्यावर लिहिले होते. मुलाने जे ऐकले ते लिहिले. आणि त्याने जे ऐकले ते माझ्याच तोंडून निघाले होते. आपण सारेच ‘पाच जण’ याचा उच्चार ‘पाज्जण’ असा करतो. फक्त तो करीत आहोत हे आपणास ठाऊक नसते.

सावर्ण्य हे बोलण्यातील क्षणिक शैथिल्य आहे असे मानणाऱ्याने आपल्या ताटातील भाताकडे पाहावे. संस्कृतात ‘भक्त’ म्हणजे शिजविलेले अन्नही होय. प्राकृतात त्याचे ‘भत्त’ झाले, म्हणजे ‘क’ने पुढल्या ‘त’पुढे हार खाल्ली. नंतर जोडाक्षरातील एक ‘त’ गळाला, त्याची भरपाई म्हणून मागला स्वर दीर्घ झाला, आणि ‘भात’ सिद्ध झाला. ‘सप्त, सत्त, सात’. ‘दुग्ध, दुद्ध, दूध’. ‘मुद्ग, मुग्ग, मूग’: सर्वत्र तोच क्रम. दोन स्पर्शवर्ण भेटले तर पुढला जिंकतो, कारण स्वराला लागून असलेला वर्ण स्पष्ट ऐकू येतो आणि मागला दबतो. परंतु ‘अग्नि’चे ‘अग्गि’ आणि ‘आग’ झाले. येथे मागला जिंकला. अनुनासिक हा स्पर्शाहून दुबळा, म्हणून. ‘र’ तर सर्वांत दुबळा. तो पुढे असो वा मागे, त्याचा पाडाव ठरलेला. ‘सर्प’चा ‘साप’, ‘कर्ण’चा ‘कान’, ‘पर्ण’चे ‘पान’, ‘कर्म’चे ‘काम’, तसेच ‘चक्र’चे ‘चाक’ आणि ‘सूत्र’चे ‘सूत’. वर्णांचीही अशी एक सत्तेची उतरंड असते, आणि ती वररुचीच्या ‘प्राकृतप्रकाशा’पासून अभ्यासकांनी नोंदविलेली आहे. मराठीपुरता हा सारा इतिहास ज्यूल ब्लॉक यांनी, आणि कोंकणीपुरता सु. मं. कत्रे यांनी १९४२ मधील आपल्या ग्रंथात, मांडून ठेवला आहे.

याहूनही मौजेची उदाहरणे ‘य’ची आहेत, कारण ती आपल्या ‘च’च्या भाषेच्या अगदी जवळ येतात. ‘त’ला ‘य’ भेटला तर दोघे मिळून ‘च्च’ होतात. ‘नृत्य’चा ‘णच्च’ होऊन ‘नाच’, ‘सत्य’चे ‘सच्च’ होऊन ‘साच’. ‘द’ला ‘य’ भेटला तर ‘ज्ज’: ‘अद्य’चे ‘अज्ज’ होऊन ‘आज’, ‘विद्युत्’ची ‘विज्जु’ होऊन ‘वीज’. ‘संध्या’ची ‘सांज’ आणि ‘वंध्या’ची ‘वांझ’ याच वाटेने आल्या. ‘य’ हा टाळूचा वर्ण. त्याने दातांच्या वर्णाला टाळूकडे ओढले. मधल्या सुट्टीत ‘चुझेत’मधील ‘त’ला ‘च’ ओढतो तो ज्या दिशेने, त्याच दिशेने. दोन हजार वर्षांपूर्वीचा हा बदल आणि परवाचा तो, यांत जिभेची गती एकच आहे.

‘भात, हात, काम, कान’ हे शब्द मराठीत आणि कोंकणीत एकरूप आहेत. कारण ही घडामोड दोन्ही भाषा वेगळ्या होण्यापूर्वीच उरकली होती. गोव्यात या दोन भाषांच्या नात्यावर पुष्कळ वाद झाले आणि १९८७ च्या राजभाषा कायद्यानंतरही ते शमले नाहीत. त्यांत येथे शिरण्याचे कारण नाही. मात्र एखादे मूल ‘आज’ ऐवजी ‘आयज’ म्हणाले तर ते ‘अद्य’ या एकाच मुळाचे दुसरे अपत्य आहे, एवढे तरी शिक्षकास ठाऊक असावे. पंजाबीने याच वाटेवर मधला मुक्काम सोडला नाही: तेथे आजही ‘सत्त’, ‘हत्थ’, ‘कम्म’ असेच म्हणतात.

आपल्या वडील पिढीतील ज्यांनी पोर्तुगीज शाळेत शिक्षण घेतले होते, त्यांस हे सांगितले की ते लगेच ‘सेत’ आणि ‘ओइतु’ मोजून दाखवीत. लॅटिन ‘सेप्तेम्’ म्हणजे सात. इतालियनात त्याचे ‘सेत्ते’ झाले, पोर्तुगीजात ‘सेत’. आपल्या ‘सप्त, सत्त, सात’ या मालिकेशेजारी ही मालिका ठेवावी. ‘ओक्तो’ म्हणजे आठ, इतालियनात ‘ओत्तो’. पोर्तुगीज मात्र येथे वेगळी वाट धरते. तिने ‘क’चा ‘इ’ करून ‘ओइतु’ केले.

पोर्तुगीजांचा विषय निघालाच आहे म्हणून एक सावधगिरीची सूचना. सर्वच ध्वनिबदल सावर्ण्य नव्हेत. पेडणे १७८८ साली त्यांच्या ताब्यात गेले, डिचोली त्याआधी काही वर्षे. त्यांच्या भाषेत मूर्धन्य वर्ण नाहीत. दोन स्वरांमधला आपला ‘ड’ त्यांस ‘र’सारखा ऐकू आला, आणि पेडण्याचे ‘पेर्नें’ झाले. साखळीतील ‘ख’चा प्राण गेला, ‘ळ’चा ‘ल’ झाला. हा शेजारच्या वर्णाचा परिणाम नव्हे. परक्या कानाचा आहे. त्या नावांच्या शेवटी त्यांनी लिहिलेला ‘एम्’ केवळ अनुनासिकाची खूण होती. इंग्रजी वाचणाऱ्यांनी त्याचा खरोखरीचा ‘म’ केला, आणि आता प्रवासी ‘पेर्नेम’ आणि ‘बिचोलिम’ विचारीत येतात. कोंकणीतले दिवचल, मराठीतली डिचोली आणि त्यांचे बिचोलिम हे एकच गाव आहे हे नव्या माणसास समजावून सांगावे लागते.

मुलांच्या खेळातील भाषेस एवढे महत्त्व द्यावे काय, असे कोणी विचारील. परंतु प्रौढांनी बनविलेल्या भाषांचीही हीच कथा आहे. झामेनहोफने १८८७ मध्ये एस्पेरांतो प्रसिद्ध केली तेव्हा एका अक्षरास एक उच्चार असा तिचा कटाक्ष होता. तिच्यात ‘ओक’ म्हणजे आठ, ‘देक’ म्हणजे दहा, आणि ‘ओकदेक’ म्हणजे ऐंशी. बोलणारे पुष्कळदा ‘ओगदेक’ म्हणतात, आणि हे क्षम्य आहे की नाही यावर तिचे व्याकरणकार चर्चा करतात. ‘एग्गाव’चाच हा सख्खा भाऊ. टोल्किन या इंग्रज भाषाशास्त्रज्ञाने मात्र उलट केले. आपण रचलेल्या भाषांना त्याने आरंभापासूनच इतिहास दिला: एक मूळ भाषा कल्पून तिच्यापासून नियमबद्ध ध्वनिबदलांनी दोन भगिनीभाषा काढल्या. एकीत जीभ या अर्थी ‘लांबे’ असा शब्द आहे, दुसरीत ‘लाम’. ‘म्ब’चा ‘म्म’ आणि मग ‘म’. हिंदीने ‘निंब’चा ‘नीम’ केला तो याच रीतीने. मराठीने ‘कडुनिंबा’तील ‘ब’ राखला. भाषा खरी वाटावी असे त्यास वाटत होते, आणि त्यासाठी तिच्यात असे झिजलेले सांधे ठेवणे त्याला अवश्य वाटले.

असो. पुढच्या तासाला मी फळ्याच्या एका बाजूस ‘दिग्गज’ आणि ‘सद्धर्म’ लिहिले आणि दुसऱ्या बाजूस ‘एग्गाव’ आणि ‘हाद्धुऊन’. मग मुलांस सांगितले की त्या दिवशी हसण्यात चूक माझी झाली होती. वर्ग शांत होता. तो मुलगा काही वेळ फळ्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, “मग सर, माझे कापलेले मार्क?”

मार्क मी परत दिले नाहीत. लेखन हे उच्चाराचे छायाचित्र नव्हे. ‘हात’ हा शब्द कोठेही आला तरी डोळ्यांस ‘हात’ असाच दिसावा, असा मराठी लेखनाचा संकेत आहे, आणि तो शिकविणे माझे कर्तव्य आहे. हे त्यास सांगितले. त्याचे समाधान झाले असे मी म्हणणार नाही. सभासदांपैकी काहींचे मत निराळे पडेल, आणि त्यांच्या बाजूसही बळ आहे. प्रगतिपुस्तकातील शेरा मात्र मी खोडला आणि त्यापुढे स्वाक्षरी केली. तेव्हापासून अशा चुकीवर मी लाल रेघ मारतो, पण शेजारी ज्या संधीनियमाने ती झाली त्याचे उदाहरणही लिहितो. यास वेळ फार लागतो, आणि चाळीस वह्या असल्या म्हणजे ते नेहमी साधत नाही.

त्या तासाच्या अखेरीस मागल्या बाकावरून एका मुलीने विचारले की जो शब्द मुळातच ‘च’ने सुरू होतो त्याचे ‘च’च्या भाषेत काय करावयाचे. नियमाप्रमाणे ‘च’ मागे जावा आणि पुढे ‘च’ यावा. म्हणजे ‘चार’चे ‘चारच’. तोच मुलगा चटकन म्हणाला, “सर, पण मग चार आणि चारच यांत फरक कसा कळणार?” पुढची घंटा होईपर्यंत वर्ग त्यावरच भांडत होता.